एकच ओळ, दोन उत्तरे : ‘एस’ आणि ‘आर’ या भाषाभगिनींचा इतिहास

१/२२
दोन संगणक शेजारी ठेवले आहेत. दोन्हींवर संख्याशास्त्राच्या कामाची भाषा चालते आणि दोन्ही भाषा दिसायला इतक्या सारख्या, की एकीतला मजकूर उचलून दुसरीत ठेवला तरी कुणाला शंका येऊ नये. दोन्हींना तेच चार ओळींचे काम दिले. एकाने उत्तर दिले २४, दुसऱ्याने १०. कुणीही चूक दाखवली नाही, कुणी अडखळले नाही. आणि गंमत अशी, की आपापल्या नियमांनुसार दोघेही बरोबर होते. हा धागा त्या दोन भाषांचा आहे. एकीचे नाव ‘एस’, दुसरीचे ‘आर’.

२/२२
कथा सुरू होते अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत. ट्रान्झिस्टर आणि युनिक्स जिथे जन्मले, तीच ही संस्था. तिथल्या संख्याशास्त्रज्ञांकडे फोरट्रान भाषेत लिहिलेल्या गणिती उपप्रोग्रामांचा मोठा संग्रह होता. परंतु विदेकडे नुसते एकदा डोकावून पाहायचे असले, तरी प्रत्येक वेळी फोरट्रानमध्ये नवा प्रोग्राम लिहावा लागे. प्रश्न मनात उमटणे आणि उत्तर हाती येणे यांत फार अंतर पडे. जॉन टुकी यांच्यासारखा विदेशी संवाद साधा असे सांगणारा गुरू त्याच संस्थेत असताना ही अडचण अधिकच बोचत होती.

३/२२
५ मे १९७६ रोजी जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी एकत्र बसले. त्या बैठकीतले चेंबर्स यांच्या हातचे एक रेखाटन आजही दाखवले जाते. कल्पना साधी होती : फोरट्रानचा संग्रह तसाच राहू द्यावा, पण त्याच्याभोवती अशी एक भाषा उभारावी, की माणसाने एक ओळ लिहावी आणि लगेच उत्तर मिळवावे. चेंबर्स, रिक बेकर आणि पुढे अ‍ॅलन विल्क्स ही या भाषेची प्रमुख नावे. पहिली आवृत्ती हनीवेल कंपनीच्या संगणकावर चालली. थोड्याच वर्षांत भाषा युनिक्सवर आली आणि १९८० नंतर परवान्यासह बेल प्रयोगशाळेबाहेरही पोहोचली.

४/२२
नाव काय द्यावे, यावर बराच खल झाला. सुचलेल्या बहुतेक नावांत ‘स्टॅटिस्टिकल’ शब्द होता. त्यांतले एक सरळसोट नाव, ‘सॅस’, दुसऱ्या प्रणालीने आधीच घेतलेले होते. शेवटी सगळ्या नावांत समान असलेले एकच अक्षर उरले : ‘एस’. त्याच प्रयोगशाळेत जन्मलेल्या ‘सी’ भाषेच्या एकाक्षरी नावाशी ते जुळलेही. भाषेला एकाच अक्षराचे नाव देण्याची ही रीत लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

५/२२
आता एक छोटेसे चिन्ह पाहू. एखाद्या नावाला मूल्य द्यायचे तर एसमध्ये बाण काढतात : दर <- ५. हा बाण एपीएल या जुन्या भाषेत रूढ होता. पण एसमध्ये त्याच कामासाठी आणखी एक चिन्ह चाले : अंडरस्कोर. म्हणजे दर _ ५ असेही लिहिता येई. आज हे विचित्र वाटते. त्याचे कारण यंत्रांत आहे. १९६३ च्या आस्की संकेतावलीत ज्या क्रमांकावर डावा बाण होता, त्याच क्रमांकावर १९६७ च्या सुधारणेत अंडरस्कोर आला. जुन्या टेलिटाइप यंत्रांवर ती कळ दाबली, की कागदावर चक्क बाण उमटे.

६/२२
म्हणजे भाषा रचणाऱ्यांच्या कागदावर जो बाण होता, तोच नव्या पडद्यांवर जमिनीलगतची रेघ झाला. यंत्रे बदलली, चिन्हाचे रूप बदलले, अर्थ मात्र तोच राहिला. याचा एक परिणाम दूरवर गेला. अंडरस्कोर मूल्य देण्यात गुंतलेला असल्यामुळे नावांतले शब्द जोडायला तो मोकळा नव्हता. म्हणून एसच्या लेखकांनी शब्दांमध्ये टिंब देण्याची सवय लावून घेतली. आज आरमध्ये ‘डेटा.फ्रेम’, ‘रीड.टेबल’ अशी टिंबांची नावे दिसतात, ती त्या टेलिटाइपच्या कळीची वंशज आहेत.

७/२२
एसचा इतिहास त्यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांच्या रंगांनी ओळखला जातो. १९८४ चा तपकिरी ग्रंथ, १९८८ चा निळा, १९९२ च्या सुमाराचा पांढरा आणि १९९८ चा हिरवा. यांतला निळा ग्रंथ म्हणजे क्रांती. जुन्या एसमध्ये वापरकर्ता स्वतःची भर ‘मॅक्रो’ लिहून घालत असे. नव्या एसने मॅक्रो काढून टाकले आणि त्यांच्या जागी खरीखुरी फंक्शने आणली. आतला गाभाही सी भाषेत नव्याने लिहिला गेला. परिणामी, वर्षानुवर्षे जपलेले मॅक्रो लोकांना नव्या रूपात उतरवावे लागले. दुसऱ्या भाषेशी जुळण्याचा प्रश्न येण्याआधी एस स्वतःच्याच भूतकाळाशी जुळत नव्हती.

८/२२
पांढऱ्या ग्रंथाने आणखी एक चिन्ह लोकप्रिय केले : लाटेसारखी रेघ. उत्पन्न ~ खत + पाऊस, असे लिहिले की ‘उत्पन्न हे खत आणि पाऊस यांवर कसे अवलंबून आहे ते पाहा’ असा अर्थ. मॉडेल चिन्हांत मांडण्याची ही पद्धत एसची स्वतःची नव्हे. विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३ मध्ये ती मांडली होती, आणि जेन्स्टॅट व ग्लिम या प्रणालींतून ती रुळली होती. एसने ती आपलीशी केली. वाक्यरचनाही बियाण्यासारखी या शेतातून त्या शेतात जाते. तिच्यावर कुणा एकाचा शिक्का नसतो.

९/२२
दरम्यान एस बाजारात आली होती. सिअ‍ॅटलमध्ये डग्लस मार्टिन या प्राध्यापकांनी स्थापलेल्या कंपनीने ‘एस-प्लस’ नावाने तिची व्यापारी आवृत्ती काढली. १९९३ मध्ये त्या कंपनीला एसच्या वितरणाचा एकाधिकार मिळाला. विद्यापीठे, औषधकंपन्या, संशोधनसंस्था तिच्यावर काम करू लागल्या. विल्यम व्हेनबल्स आणि ब्रायन रिप्ले यांचा १९९४ चा ग्रंथ एका पिढीचा पाठ्यग्रंथ ठरला. भाषा उत्तम होती, तिच्याभोवती ज्ञान साठत होते. पण तिच्या दाराशी परवान्याचा पहारेकरी उभा होता.

१०/२२
आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. न्यूझीलंड, ऑकलंड विद्यापीठ, १९९० च्या दशकाचा आरंभ. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन हे दोन संख्याशास्त्रज्ञ. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिन्टॉश संगणक होते आणि त्यांवर चालेल असे मनाजोगते सॉफ्टवेअर मिळत नव्हते. दोघांनाही भाषा घडवण्याची आवड. आपणच काहीतरी लिहावे, असे ठरले. पण आरचे बीज याहूनही आधीच्या एका फसलेल्या प्रात्यक्षिकात आहे, आणि आपल्या कथेचा गाभाही तिथेच आहे.

११/२२
इहाका यांच्या हाती एबलसन आणि ससमन यांचा संगणकशास्त्रावरील विख्यात ग्रंथ आला होता. त्यात स्कीम नावाची भाषा वापरली आहे. तिच्यात फंक्शन जिथे लिहिले गेले, तिथल्या नावांची त्याला आठवण राहते. हे वैशिष्ट्य इहाका यांना एका सहकाऱ्याला दाखवायचे होते. हाताशी नवी एस होती, म्हणून त्यांनी तीच वापरली. प्रयोग फसला. ओळी बरोबर होत्या, एसने त्या मुकाट्याने स्वीकारल्याही होत्या. पण नावांचा शोध घेण्याचे एसचे नियम वेगळे होते. वाक्य तेच, अर्थ निराळा. या अपयशाने इहाका यांच्या मनात घर केले.

१२/२२
पुढे इहाका आणि जेंटलमन यांनी स्कीमच्या धर्तीवर सी भाषेत सुमारे हजार ओळींचा एक छोटा इंटरप्रिटर लिहिला. म्हणजे इंजिन स्कीमच्या वळणाचे. आता त्यावर बाह्यरूप कोणते चढवायचे? स्कीममध्ये कंसांची रांग लागते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते रुचले नसते. दोघांना एस येत होती. त्यांनी एससारखी वाक्यरचना घेतली. पुढे इहाका यांनी स्वतःच नमूद केले आहे, की आरची वाटचाल इतर कशाहीपेक्षा या एका निर्णयाने घडवली. कारण पोशाख एसचा दिसला, की लोक वागणुकीचीही तीच अपेक्षा धरतात.

१३/२२
नावाचेही तसेच. दोघांच्या नावांचे आद्याक्षर ‘आर’, आणि इंग्रजी वर्णमालेत एसच्या अगदी आधीचे अक्षरही आर. ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी आरच्या प्रती स्टॅटलिब या संग्रहावर ठेवल्या आणि एसच्या वापरकर्त्यांना एक छोटीशी सूचना दिली. झुरिचमधले मार्टिन मेक्लर यांनी, सोर्स कोड मुक्त परवान्याखाली खुला करा, असा आग्रह धरला. जून १९९५ मध्ये तो खुला झाला. १९९६ मध्ये इहाका-जेंटलमन यांचा शोधनिबंध आला आणि १९९७ मध्ये भाषेची सूत्रे ‘आर कोअर’ या आंतरराष्ट्रीय गटाकडे गेली. पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली.

१४/२२
आता सुरुवातीचे कोडे सोडवू. नावे सोयीसाठी देवनागरीत लिहितो :

कर <- फंक्शन(किंमत, दर) {
हिशेब <- फंक्शन(रक्कम) रक्कम * दर / १००
हिशेब(किंमत)
}

मग विचारले : कर(२००, १२). आतल्या ‘हिशेब’ला ‘दर’ कुठला घ्यायचा, असा प्रश्न पडतो. आर म्हणते, हे फंक्शन ‘कर’च्या पोटात लिहिले आहे, म्हणून तिथला दर घे. तो १२. उत्तर २४. एस म्हणते, आधी स्वतःजवळ पाहा. नसेल तर थेट बाहेरच्या सामायिक कोठारात पाहा. मधल्या घरात डोकावण्याची तिची रीत नाही. कोठारात ‘दर’ नसेल तर ती चूक दाखवते. पण काल कुणी तिथे दर <- ५ असे लिहून ठेवले असेल, तर ती तोच घेते. उत्तर १०.

१५/२२
‘कालचे’ मूल्य आज कुठून आले? इथे दुसरा भेद येतो. एस प्रत्येक वस्तू डिस्कवर स्वतंत्र फाइल म्हणून ठेवी. संगणक बंद केला, उद्या चालू केला, तरी सर्व जिथल्या तिथे. आर सर्व काही मेमरीत ठेवते आणि सांगितले तरच शेवटी एकत्र साठवते. दोन्हींना गुणदोष आहेत. काम मध्येच कोसळले तर एसमध्ये आधीच्या ओळींची कमाई शाबूत राहते, आरमध्ये शेवटच्या साठवणीनंतरचे सारे जाते. उलट एसमध्ये जुन्या मूल्यांचा गाळ नकळत साचत राहतो. आणि वर पाहिलेल्या नियमाशी हा गाळ मिळाला, की चुकीचे उत्तर अगदी शांतपणे तयार होते.

१६/२२
तिसरा भेद तर मला सर्वांत बोलका वाटतो. समजा, जुन्या वाणाचे सरासरी उत्पन्न १० क्विंटल, नव्याचे १६. दोन्ही भाषांत ‘उत्पन्न ~ वाण’ असेच लिहायचे. आर सांगते : पाया १०, वाणाचा गुणांक ६. एस मूळ मांडणीत सांगते : पाया १३, गुणांक ३. दोघीही बरोबर! आर जुन्या वाणाला पाया धरून फरक मोजते. एसची मूळ पद्धत हेल्मर्ट नावाची. दोनच गट असतील तर ती दोघांचा मध्य धरून त्याच्या अलीकडे-पलीकडे किती, ते सांगते. १३ मधून ३ वजा केले तर १०, मिळवले तर १६. पण हे ठाऊक नसलेला माणूस अहवालात काय लिहील? ‘नव्या वाणाने ३ क्विंटल वाढ.’

१७/२२
म्हणूनच या दोन भाषांच्या जुळणीचा प्रश्न केवळ टिंब-रेघांचा नव्हता. संगणक एखादी ओळ नाकारतो, तेव्हा माणूस सावध होतो. ओळ स्वीकारून निराळा अर्थ लावतो, तेव्हा कुणीच सावध होत नाही. ‘दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते’ ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू पडते. औषधाची चाचणी असो वा पिकाचा प्रयोग, आकडा छापला गेला की त्यावर निर्णय होतात. आरच्या रचनाकारांनी हे भेद लपवले नाहीत. कुर्ट हॉर्निक यांनी सांभाळलेल्या प्रश्नोत्तरीत ‘आर आणि एस यांत फरक काय’ याला स्वतंत्र प्रकरणच दिले गेले.

१८/२२
त्या काळच्या लेखकांनी दोन्ही घरांत नांदेल अशी लेखनशैली घडवली. व्हेनबल्स आणि रिप्ले यांनी २००० साली काढलेला ग्रंथ दोन्ही बोलींचा विचार करून लिहिलेला आहे. आरची अधिकृत प्रवेशिकाही मुळात अ‍ॅडलेड विद्यापीठात एस आणि एस-प्लससाठी लिहिलेल्या टिपणांवरून तयार झाली. आरमध्ये तर ‘इज.आर’ नावाचे एक चिमुकले फंक्शन होते. त्याचे काम एकच : ‘मी सध्या आरमध्ये आहे का?’ याचे उत्तर देणे. प्रोग्राम आधी स्वतःचे घर ओळखे आणि मग पुढची वाट निवडे. परक्या गावात उतरल्यावर पाटी वाचावी, तसे.

१९/२२
एकमेकींकडून घेणे मात्र थांबले नव्हते. मूल्य देण्यासाठी = हे चिन्ह एसच्या चौथ्या आवृत्तीतून आरमध्ये २००१ च्या अखेरीस आले. हिरव्या ग्रंथातील वर्ग आणि मेथडची रचनाही आरने स्वीकारली. वाकड्या वाटेचा वारसाही आला : टिंब हे नावातले जोडचिन्हही आणि ‘अमुक कृती, तमुक वर्गासाठी’ याची खूणही. म्हणून ‘टी.टेस्ट’ हे नाव टी-चाचणीचे की ‘टेस्ट’ वर्गासाठी ‘टी’ या कृतीचे, असा गोंधळ आजही संभवतो. १९९८ मध्ये चेंबर्स यांना एससाठी एसीएमचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला. आणि तेच चेंबर्स पुढे आर कोअरचे सदस्य झाले!

२०/२२
भाषेची मालकी कुणाची, हा प्रश्नही इथे दडला आहे. आरने एसचा कोड उचलला नाही. ग्रंथांतून जाहीर असलेली भाषा नव्याने बांधली. ‘सॅस’ भाषेच्या बाबतीत हाच वाद न्यायालयात गेला. वर्ल्ड प्रोग्रामिंग या ब्रिटिश कंपनीने सॅसमधले प्रोग्राम चालवणारी स्वतंत्र प्रणाली बांधली आणि सॅस कंपनीने दावा लावला. २ मे २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की प्रोग्रामची कार्यक्षमता आणि प्रोग्रामिंगची भाषा यांना संगणक-प्रोग्रामविषयक कॉपीराइटचे संरक्षण नाही. लिहिलेला कोड कुणाचा असू शकतो. पण तो ज्या भाषेत लिहिला, ती भाषा बोलण्याची बंदी या कायद्याने घालता येत नाही.

२१/२२
आता त्या अंडरस्कोरचे पुढे काय झाले ते पाहू. २००३ मध्ये आरच्या १.८.० आवृत्तीने मूल्य देण्याचे त्याचे काम काढून घेतले. २००४ मध्ये १.९.० आवृत्तीने त्याला नावांत प्रवेश दिला. पण तोवर टिंबाची सवय हाडीमासी खिळली होती. २०२२ मध्ये ४.२.० आवृत्तीत तो तिसऱ्याच भूमिकेत आला : साखळीने जोडलेल्या कृतींत ‘आधीचे उत्तर इथे ठेव’ अशी जागा दाखवणारी खूण. एसकडून आलेली आणखी एक सवय, तक्ता बनवताना शब्दांना आपोआप ‘फॅक्टर’ करण्याची, आरने २०२० मध्ये ४.० आवृत्तीत सोडली. तेव्हाही जुने प्रोग्राम मोडलेच. वारसा सोडायलाही किंमत मोजावी लागते.

२२/२२
आणि एस? २००४ मध्ये ती लुसेंट कंपनीकडून २० लाख डॉलरांना विकली गेली. २००८ मध्ये तिची मालक कंपनी टिब्कोने घेतली, आणि त्याच टिब्कोने पुढे आरच्या ओळी चालवणारे स्वतःचे इंजिन बांधले. एके काळी आर एसशी जुळवून घेत होती; आता एसचा वारसदार आरशी जुळवून घेऊ लागला. २०२४ मध्ये आरच्या ४.४.० आवृत्तीने ‘इज.आर’ला निवृत्तीची सूचना दिली. कारण असे, की एसची दुसरी कुठलीही बोली आता कुणी वापरत नाही. ‘मी आरमध्ये आहे का?’ हा प्रश्न विचारण्यासारखे दुसरे घरच उरले नाही.

तरीही १९९० च्या दशकातले कितीतरी निष्कर्ष एसमध्ये काढलेले आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणी जुन्या संग्रहात अशा ओळी वाचल्या आणि त्या आरमध्ये जशाच्या तशा चालल्या, तर आनंद जरूर माना. पण लगेच विश्वास ठेवू नका. त्या ओळी कोणत्या भाषेत, कोणत्या वर्षी, कोणत्या आवृत्तीसाठी लिहिल्या गेल्या, हे आधी शोधा. जुना कागद हाती आल्यावर इतिहासाचा अभ्यासक त्याचा काळ आणि लेखक विचारतो. संगणकातल्या ओळीलाही तेच विचारायला हवे.